पट्ट्यावरचा चेहरा

अकोल्याच्या रणरणत्या दुपारी हेमांगीने घरच्या कुत्र्याला, ढब्बूला गाडीत कोंडलं आणि ती समोरच्या रसवंतीत जाऊन बसली. कुत्र्याचा जीव घाबरला की गळ्यातला पट्टा पोलिसांना कळवायचा, आणि कुत्रं ज्याची आठवण काढतंय त्याचा चेहराही दाखवायचा. तो चेहरा धाकट्या जावेचा, शर्वरीचाच निघणार, अशी हेमांगीची खात्री होती. पोळी घालायची हिने आणि शेपटी हलायची शर्वरीपुढे! आज एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

तीन मिनिटांत पोलीस आले. हवालदार ठोंबरेबाईंनी काच फोडून धापा टाकणाऱ्या ढब्बूला पाणी पाजलं. घरी निरोप गेल्यामुळे शर्वरीही धावत आली. हेमांगीने तिला बाजूला सारून पट्टा पाहिला.

त्यावर हेमांगीचाच हसरा चेहरा होता.

"बघितलंस?" ती जावेवर ओरडली. "माझीच आठवण काढतोय तो!"

"कोंडलं कोणी?" ठोंबरेबाईंनी विचारलं.

"मीच!" हेमांगी त्याच तोऱ्यात म्हणाली.

"मग कुत्रं तुम्हाला परत मिळत नाही, ताई."

त्यांनी साखळी शर्वरीच्या हातात दिली. ढब्बू चार पावलं गेला आणि अडून बसला. शर्वरीने ओढलं. पट्ट्यावर हेमांगी अजून हसतच होती.