देवळाच्या दारातलं अत्तर

"मावशी, आज आख्यान राहू दे. काल मध्यंतरातच डासांनी निम्मी मंडळी उठवली," कीर्तनकार बुवा म्हणाले.

द्वारकामावशींना चैन पडेना. त्यांनी खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला उकळला, गाळला, निवल्यावर कापूर विरघळवला. पण असलं उग्र तेल लावून कोण घेणार? त्यांनी ते अत्तरदाणीत भरलं आणि संध्याकाळी देवळाच्या दारात उभ्या राहिल्या. कीर्तनाचं अत्तर कोणी नाकारत नाही. जो तो हात पुढे करत गेला.

बुवांनी मात्र हुंगून पाहिलं. "हे कसलं अत्तर?"

"कडुनिंबाचं," मावशी ओशाळल्या. "आख्यान ऐकायचंय हो."

"मग पायांना लावा. दोन तास उभं मला राहायचंय!"

मावशी रोज बुवांच्या पायांना नुसता हात लावत. आज त्यांनी घोट्यापर्यंत तेल चोळलं.