वरची कड पोटाशी

"उजवीकडून रस्ता येऊन मिळतो," बाई म्हणाल्या.

लायसन्सची परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कार्ड उलटून मागचं उत्तर वाचलं आणि कागदावर फुली मारली. "डावीकडून. तीन चुका झाल्या, बाई. चौथी झाली की संपलं."

दहापैकी पाच कार्डं उरली होती. गाडी चालवायची परीक्षा त्यांनी पहिल्या फटक्यात खिशात घातली होती. घोडं अडलं होतं ते रस्त्यावरच्या चिन्हांपाशी, आणि तेही आज तिसऱ्यांदा. त्यातून बाई कामाला होत्या पाट्यांच्याच कारखान्यात. हायवेवर फाटा येण्याआधी दिसतात ना, पुढचा रस्ता दाखवणाऱ्या, त्या पाट्यांवर काळी पट्टी चिकटवायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. कारखान्यात थट्टेला नुसता ऊत आला होता. मिस्तरी तर म्हणाला होता, "मावशी, ह्या वेळी पाटीच घेऊन जा काखेत. मागे उत्तर लिहून देतो."

हसायला बाईही हसल्या होत्या, पण जीव टांगणीला लागला होता. पाट्या रस्त्यावर नेऊन बसवणारा ड्रायव्हर निवृत्त झाला होता. मालकीणबाईंनी नव्या पिकअपची किल्ली खिळ्याला टांगून सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत लायसन्स आणलंत तर गाडी तुमच्याकडे. नाहीतर बाहेरचा माणूस बघते." बाईंना ती किल्ली फार फार हवी होती. हजारो पाट्या हाताखालून गेल्या, पण त्यातली एकही त्यांनी हायवेवर उभी असलेली धड पाहिली नव्हती. घर ते कारखाना पायी, आणि लांबचा प्रवास बसने. बस सुरू झाली की बाईंचा डोळा लागायचा तो गाव आल्यावरच उघडायचा.

साहेबांनी सहावं कार्ड टेबलावर ठेवलं. एक जाड उभी रेघ आणि तिला बाजूने येऊन भिडणारी एक तिरकी रेघ. साहेब घड्याळाकडे बघत होते. त्यांना घाई असावी. सकाळी बाई रांगेत उभ्या होत्या तेव्हा साहेब गाडीतून उतरले होते आणि गाडी त्यांची बायको चालवत होती. "थाट बघा, बायको रोज दारापर्यंत सोडते," असं रांगेतली एकजण म्हणालीही होती.

बाई कार्डाकडे बघत राहिल्या. हरीण आणि शाळा ही कार्डं त्यांनी पटापट सांगितली होती. फाटा आला की मात्र गाडी रुळावरून घसरायची. विचार करता करता त्यांचा हात पुढे झाला आणि त्यांनी कार्ड गोल फिरवून वरची कड आपल्या पोटाशी घेतली.

"कार्ड फिरवायचं नाही," साहेब म्हणाले.

बाई आपल्या हाताकडे बघतच राहिल्या. कामावर त्या असंच करायच्या. पट्टी चिकटवायची ती वरच्या कडेपासून, आणि बोटांनी दाबत दाबत खाली न्यायची, म्हणजे आत हवा राहत नाही. त्यासाठी पाटीची वरची कड पोटाशी घ्यायची. बावीस वर्षं, रोज. कुठल्या पाटीला काय म्हणायचं हेही त्या तिथेच, पाटी अशी उलटी बघून शिकल्या होत्या. हरणाचं डोकं कुठे आणि पाय कुठे, हे पाटी कशीही असली तरी कळतं. पण रेघेला ना डोकं ना पाय.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूला येऊन उभी राहू का?"

साहेब नको म्हणायच्या आत बाई टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. टेबलावर तशीच पडलेली, चुकलेली तिन्ही कार्डं तिथून त्यांनी धडाधडा सांगितली. तिन्ही बरोबर.

साहेब गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कार्डं गोळा केली. म्हणाले, "नियम नियम आहे. झालेल्या चुका राहणार. उरलेली पाच तुमच्या खुर्चीत बसून सांगायची. हायवेवर तुम्हाला टेबलाला वळसा घालता येणार नाही."

"नाही घालायचा," बाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

सहावं कार्ड पुन्हा सरळ समोर आलं. या वेळी बाईंनी घाई केली नाही. पाटीची खालची कड म्हणजे आपण. आपण इथून निघालो, रेघेवरून वर चाललो. आता बाजूचा रस्ता कुठल्या हाताला येतो? "उजवीकडून गाड्या येऊन मिळतात. आपण आधीच सावध व्हायचं." साहेबांनी मागचं उत्तर वाचलं आणि मान हलवली. सातवं कार्ड बरोबर आलं. आठवं, नववंही. दहाव्याला पुढे रस्त्याचे दोन फाटे फुटत होते. बाईंनी मनातल्या मनात पिकअप तिथपर्यंत नेली, वेग कमी केला आणि उत्तर दिलं.

साहेबांनी शिक्का मारला. बाईंना इतका आनंद झाला की तो कागद त्यांनी आधी छातीशी धरला आणि मग पर्समध्ये ठेवला. मिस्तरीला आता पेढे मागायला तोंड उरणार नव्हतं, पण बाई देणार होत्या, दोन जास्तच.

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. साहेब टेबलाला वळसा घालून बाईंच्या खुर्चीत येऊन बसले होते. समोर सगळी कार्डं मांडली होती आणि ते एकेक कार्ड पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत होते.

"बाई, कारखान्यात सांगा हवं तर, इथे कोणाला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "अठरा वर्षं मी त्या बाजूला बसून ही कार्डं उलटीच बघतोय. आणि बारा वर्षं झाली, बायको मला हायवेवर स्टिअरिंगला हात लावू देत नाही."