पत

नायजेरियातल्या इबादानच्या बँकेत फोलारिनने बावीस वर्षं लोकांची पत जोखली होती. कॅनडातल्या विनिपेगच्या बँकेने मात्र त्यालाच क्रेडिट कार्ड नाकारलं. या देशात त्याची पतच नव्हती. इमारतीच्या टपालपेट्यांपाशी तो ते पत्र चुरगाळत असताना मुलीने, सिमीने, दुसरा लिफाफा फोडला. "बाबा, माझ्या खात्यावर तुमच्या नावाचं कार्ड मागवलं होतं. घ्या." लिफ्टसाठी थांबलेल्या शेजाऱ्यांसमोर तिने गुडघे टेकले. वडिलांना काही देताना योरुबा मुली टेकतातच. पण महिन्यापूर्वी विमानतळावर न्यायला आलेली सिमी अशीच वाकली, तेव्हा तो खेकसला होता, "ऊठ! इथे लोक हसतील आपल्याला." आज त्याची मान वर होईना. "हसू देत त्यांना," ती हळूच म्हणाली. मोठ्यांनी एका हाताने घ्यायचं, धाकट्यांनी दोन्ही हातांनी, ही घरची रीत. फोलारिनचे दोन्ही हात पुढे झाले.