कंप्रेसर बसला की

“कंप्रेसर बसला की निघूच,” आमचे हे जीपच्या बॉनेटखालून म्हणाले.

याआधी मोठे टायर बसले की निघणार होतो, त्याआधी अडकलेली गाडी ओढून काढायची पुढची विंच बसली की. माझं माहेर पठारावर, वाट सगळी दगडांची. दगडांवर टायरची हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्याला लागलं की पुन्हा भरायची, म्हणून कंप्रेसर गाडीतच हवा, असं यांचं म्हणणं. यांची तयारी होईपर्यंत माझे गुडघे गेले. “कधी येताय?” हे विचारणंही भावाने सोडून दिलं.

आज दुपारी कंप्रेसर खरंच बसला. बटण दाबल्यावर घरघर सुरू झाली, नळीतून हवा आली. हात पुसत हे म्हणाले, “आवर गं. आत्ताच निघू.”

साडी बदलून आले. दार उघडलं, वरची मूठ धरली, पाय उचलला. मोठ्या टायरांनी जीप एवढी उंच झाली होती की गुडघा तेवढा वाकेचना. पुन्हा प्रयत्न केला. मग म्हटलं, “राहू दे. तुम्हीच जाऊन या.”

यांचा चेहराच उतरला. मग खाली बसले आणि माझ्या बाजूच्या दोन्ही टायरांची हवा सोडून दिली. जीप हळूहळू माझ्याकडे कलली. मी चढून बसले. यांनी कंप्रेसर सुरू केला, तशी मी बसल्या जागी वर जाऊ लागले.

स्वयंपाकघरात स्टूल होतं. मी त्याचं नावही काढलं नाही.