म्हशीपुढचं गाऱ्हाणं

म्हशीने मान वळवून एकदा नीट पाहिलं आणि पान्हा चोरला.

कासेशी दूध सोसायटीचे अध्यक्ष उकिडवे बसले होते. अंगावर बायकोची शाल, डोक्याला बायकोचं तेल. ऊठसूट दुसऱ्यांना ‘बांगड्या भरा’ म्हणून हिणवणाऱ्या या गृहस्थांनी आज स्वतःच बायकोच्या बांगड्या भरल्या होत्या. त्या चढवताना साबणाची अख्खी वडी संपली म्हणतात.

दोष त्यांच्याच जिभेचा. शेण, चारा, धारा सगळं बायकांकडे. सोसायटीत घरटी सभासद एकच, आणि तो मात्र पुरुष. दुधाचा पैसाही त्यांचा आणि मतही त्यांचंच. बायका सभासदत्व मागायला आल्या, तेव्हा अध्यक्ष भर सभेत हसून म्हणाले, “ज्याच्या हाताला म्हैस दूध देईल, तो सभासद!” टाळ्या पडल्या, ठराव झाला. घरी पोचेपर्यंत एकेकाच्या लक्षात आलं आणि हसू जिरलं.

आज सोसायटीच्या अंगणात कसोटी होती. बाकीच्या नवऱ्यांचं केव्हाच आटोपलं होतं. एक लंगडत होता, एक शेणाच्या खड्ड्यातून बाहेर यायला तयार नव्हता, आणि एकाला म्हशीने असं उडवलं होतं, की तो कौलांवर बसूनच पुढची मजा बघत होता. उरले होते अध्यक्ष.

त्यांची बायको रिकामी बादली कमरेला लावून उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. एक धार, एकच धार यांच्या हाताला पडली, की तिचं सभासदत्व गेलंच.

अध्यक्षांनी पाठ थोपटली. तिच्यासारखं चुचकारूनही पाहिलं. म्हैस ढिम्म.

“अगं, ही सोडत का नाही?”

“धार काढताना मी तिच्याशी बोलते. ऐकल्याशिवाय नाही सोडत ती.”

“काय बोलतेस?”

“अहो, तुमची गाऱ्हाणी.”

अंगणात खसखस पिकली. “बोला की भाऊजी!” शेजारीण ओरडली. “लाजता कशाला? घरचीच तर म्हैस!”

अध्यक्षांनी घसा खाकरला. म्हशीकडे तोंड करून, आवाज बारीक करून ते म्हणाले, “काय सांगू बाई तुला... नवरा माझा तसा... तसा देवमाणूस आहे गं.”

लाथ बसली. बादली एकीकडे, बांगड्या दुसरीकडे आणि अध्यक्ष चाऱ्याच्या गंजीत.

बायको पुढे झाली. खाली बसली, म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं. “ऐकलंस ना, काय म्हणाले ते?” एवढंच म्हणाली.

मग जे सुटलं! तिची बादली भरली, शेजारणीची भरली, अंगणातल्या मांजरांना पोहून कडेला यावं लागलं. तोवर बाकीच्या बायकाही आपापल्या म्हशीखाली बसल्या होत्या आणि अंगणभर कुजबूज आणि धारा एकदमच चालू होत्या.

सभा तिथेच भरली. चाऱ्यातून अध्यक्ष म्हणाले, “अरे, ती थट्टा होती!”

“टाळ्या पडल्यात साहेब, आता फिरत नाही,” कारकून म्हणाला. “नव्या सभासदांनी नवा अध्यक्ष निवडायचा. बोला, कोण?”

“ही!” शेजारणीने बोट दाखवलं.

“हिच्या बाजूने किती? हात वर.”

मोजायला उठलेला कारकून पुन्हा खाली बसला. वर गेलेल्या हातांवरून दूध कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि पुसायची घाई कुणालाच नव्हती.