दुपारचा हुंकारा

धानोऱ्याच्या सत्यशीलाबाईंच्या सात-आठ रहस्य कादंबऱ्या छापून आल्या, पण कागदावर त्यांनी सहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. दुपारी सुपात मोहफुलं निवडत त्या मोबाईलला गोष्ट सांगत आणि सून रिना ती ऐकून टाइप करी.

त्या दिवशी रिना मोबाईल घेऊन ओसरीवर आली. "आई, तुमी सांगता तवा हुंकारा कोन देते?"

"कोन देईन? तुले तं माही गोष्ट आयकताच झोप येते."

रिनाने आवाज वाढवला. बाईंचं एकेक वाक्य संपलं की कोणीतरी अगदी जवळून "हं" म्हणत होतं. गावात कहाणी सांगणाऱ्याला ऐकणारा देतो, तसाच. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं, असा रिवाज. हा एकदाही थांबला नव्हता.

"पयल्या पुस्तकापासून हाय. मले वाटे, बाबा असतीन. पन आता तं बाबा नाईत."

"तुह्या सासऱ्यानं जिता असताना कधी माह्य आयकलं का?"

बाईंचे हात सुपात थांबले. इतकी वर्षं एक दुपार विसावा का मिळाला नाही, ते आज कळलं. चालू कादंबरीत आता फक्त खुनी कोण, तेवढं सांगायचं उरलं होतं.

"बंद कर तो मोबाईल. नाई सांगत मी पुढं. थकली मी."

रिनाने मोबाईल बंद केला. बाई ओठ घट्ट मिटून मोहफुलं निवडू लागल्या. पण सवयीनं पुढचं वाक्य मनात आलंच, खुन्याच्या नावासकट.

सुपाच्या पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "हं."