नळीतला गाळ

“लघवीत स्फटिक निघालेत म्हणजे काहीतरी असणारच ना, मॅडम?” त्याचं तिसऱ्यांदा तेच टुमणं.

“अहो, तुम्ही नमुना कालपासून फ्रीजमध्ये ठेवलात, गारठ्यानं क्षार खाली बसले.” लॅबमधल्या बाईंनी नळी गरम पाण्यात धरली. बघता बघता सगळा गढूळपणा विरून गेला. “बघा! किडन्या ठणठणीत आहेत तुमच्या.”

“पुन्हा एकदा तपासा. पाया पडतो तुमच्या.”

“कशाला एवढा जिवाला घोर लावून घेता? जा, घरी आनंदानं सांगा.”

त्याचा पाय निघेना. बाहेर बाकावर डायलिसिसवरचा धाकटा भाऊ वाट बघत बसला होता.

“दादा, तुझ्या किडनीत जरा जरी दोष असेल ना, तर मला नको हं ती.”

त्यानं मान खाली घातली. “स्फटिक निघालेत रे.”